'मोल' : अर्थ सात, बिऱ्हाडं पाच

मूळशोधक

एका अनुवादित हेरकथेचं मुद्रितशोधन सध्या हातात आहे. पान ३७ वर हे वाक्य भेटलं : "खात्यात एक तीळ आहे आणि तो गेली कित्येक वर्षं तिथेच बसून आहे."

दोनदा वाचलं. मग मूळ इंग्रजी मागवून घेतलं, तेव्हा उलगडा झाला. तिथे 'मोल' होता. एम-ओ-एल-ई. अनुवादकाने कोश उघडला, त्वचेवरच्या डागाचा अर्थ समोर दिसला, तो उचलला आणि गडी पुढे गेला. हसून झाल्यावर मीही कोश उघडला आणि संध्याकाळ तिथेच गेली.

जाड इंग्रजी कोशात हा शब्द एकदा येत नाही. मोल १, मोल २, मोल ३ असे डोक्यावर बारीक आकडे घेऊन तो रांगेत उभा असतो. नोंदीच्या पोटात दिलेले आकडे आणि शब्दाच्या डोक्यावरचे आकडे यांत फरक आहे, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पोटातले आकडे म्हणजे एका घरातली भावंडं. डोक्यावरचे आकडे म्हणजे वेगवेगळी बिऱ्हाडं, दारावरची पाटी तेवढी सारखी.

तर अर्थ असे : जमिनीखाली बोगदे काढणारा केसाळ प्राणी, अंगावरचा तीळ, शत्रूने आत पेरलेला हेर, बंदरापुढची दगडी भिंत, रसायनशास्त्रातलं एकक, गर्भारपणातली एक विकृती, आणि मेक्सिकोतला एक दाट सॉस (याचा उच्चार मात्र 'मोले').

सात अर्थ. यांत कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसता शेजारी? अंदाज लावा. मी काही उत्तरं शोधून ठेवली आहेत, पण आधी तुमचं ऐकतो.

आडवातिडवा

सोपं आहे. प्राणी आणि तीळ एकच. हा प्राणी हिरवळीवर मातीचे छोटे उंचवटे काढतो, तीळही कातडीवर छोटा उंचवटा. दोन्ही काळपट. दिसण्यावरून नाव पडलं. पुढचा प्रश्न.

मूळशोधक

आडवातिडवा, मीही पहिल्यांदा हेच धरून चाललो होतो. इतकं नीट बसतं की शंकाच येत नाही. आणि नेमकं तिथेच फसतं.

तिळाचा 'मोल' जुन्या इंग्रजीत 'माल' असा होता, 'आ' लांब. अर्थ डाग, आणि तोही मुख्यतः कापडावरचा. अंगावरच्या डागाला तो नंतर लागला. कापडावर लोखंडाच्या गंजाचा जो डाग पडतो त्याला इंग्रजीत 'आयर्न मोल' म्हणत. पुढे लोकांना त्यातला 'मोल' कळेनासा झाला, म्हणून 'आयर्न मोल्ड' केलं. जर्मनमध्ये हा शब्द आजही 'माल' आहे, जन्मखुणेला ते 'मुटरमाल' म्हणतात. तिथे ना उंचवटा, ना प्राणी.

'माल'चा 'मोल' कसा झाला? एकटा तोच नाही झाला. जुन्या इंग्रजीत दगड 'स्टान', घर 'हाम', होडी 'बाट'. आता स्टोन, होम, बोट. सगळे लांब 'आ' रांगेने 'ओ'च्या घरात गेले. उत्तरेकडच्या स्कॉटिश बोलीने वेगळी वाट धरली, तिथे अजून 'स्टेन' आणि 'हेम' ऐकू येतं. म्हणजे तीळ 'मोल' झाला तो या लाटेत वाहत जाऊन. प्राणी तिथे दुसऱ्याच रस्त्याने पोचला.

जुनी_पोथी

प्राण्याचं मी सांगते, माझा आवडता शब्द आहे.

जुन्या इंग्रजीत या प्राण्याला 'वाँड' म्हणत. काही बोलींत 'वाँट' म्हणून तो बराच काळ टिकून होता (हवं असणं या अर्थाच्या 'वाँट'शी त्याचा काही संबंध नाही, म्हणजे इथेही तीच तऱ्हा). मध्ययुगात 'मोल' हा शब्द दिसू लागतो आणि त्याच्या बरोबरीने एक लांबलचक नाव : 'मोल्डवॉर्प'. 'मोल्ड' म्हणजे माती आणि 'वॉर्प' म्हणजे फेकणं. माती फेकणारा, मातीउडव्या. या प्राण्याला काम करताना पाहिलं तर दुसरं नाव सुचणार नाही. पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, फावड्यासारखे रुंद, आणि पाच बोटांच्या जोडीला अंगठ्यासारखं एक जास्तीचं हाड. अंगावरची लव मखमलीसारखी, कुठल्याही दिशेला चापून बसते, त्यामुळे अरुंद बोगद्यात मागे सरकतानाही अडत नाही.

'मोल' हे 'मोल्डवॉर्प'चं आखूड रूप, असं काही अभ्यासक मानतात. डच भाषेतही 'मोल'च आहे. जर्मनांची गंमत और. त्यांच्याकडे त्याला 'माउलवुर्फ' म्हणतात आणि 'माउल' म्हणजे तोंड, थोबाड. जुन्या नावातला मातीवाचक भाग लोकांच्या बोलण्यातून उठला, मग कानाला ओळखीचा वाटला तो शब्द त्यांनी तिथे बसवला. बिचारा पंजाने माती फेकतो आणि नावावरून मात्र तोंडाने फेकतो.

आडवातिडवा

बरं, एक डाव तुमचा. पण 'मोल्ड' म्हणजे तर बुरशी. आणि साचासुद्धा.

जुनी_पोथी

तीन वेगळे 'मोल्ड' आहेत. मातीचा जर्मानिक, साच्याचा फ्रेंचमार्गे लॅटिन 'मोडुलस'पासून आलेला, बुरशीचा तिसराच. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

निद्रानाश

मराठीत या प्राण्याला काय म्हणायचं? माझ्याकडच्या एका छोट्या कोशात 'चिचुंद्री' दिलं आहे.

रानवाट

चिचुंद्री नव्हे! चिचुंद्री म्हणजे इंग्रजीतली 'श्रू'. लांब नाकाची, रात्री भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाणारी. ती जमिनीवर हिंडते. मोल आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, गांडुळं खातो. दोघे उंदीर नाहीत एवढं साम्य आहे, दोघेही कीटकभक्षी. डोळे बारीक असल्यामुळे मोलला सरसकट आंधळा म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही, उजेड-अंधार बहुतेक जातींना कळतो.

भारतात मोल हिमालयाच्या बाजूला आणि ईशान्येकडे सापडतो. दख्खनमध्ये नाहीच. जो प्राणी डोळ्यांसमोर नाही त्याला मराठीत रुळलेलं नाव कुठून असणार? मी सरळ 'मोल' लिहितो. 'चिचुंद्री' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलताच प्राणी उभा राहतो.

निद्रानाश

धन्यवाद. म्हणजे इंग्रजी 'मोलच्या ढिगाचा डोंगर' आपल्याकडे 'राईचा पर्वत' झाला त्यालाही हेच कारण का? ढीगच नाही तर करणार काय.

रानवाट

असेल किंवा नसेल. म्हणी एकमेकींची भाषांतरं असतातच असं नाही. इंग्रजीत तरी ही म्हण १५४८ सालच्या निकोलस उडॉलच्या लिखाणात सापडते. त्याआधीपासून लॅटिनमध्ये 'माशीचा हत्ती' होता. प्रत्येकाने आपापल्या अंगणात जे बारीक दिसलं ते घेतलं.

खारा_वारा

बंदराच्या भिंतीवर मी हक्काने बोलू शकतो, आयुष्य जहाजावर गेलंय.

मोल म्हणजे साधा धक्का नव्हे. धक्का खांबांवरही उभा राहतो, खालून पाणी वाहतं. मोल भरीव असतो. समुद्रात दगडाची रास टाकत, वर बांधकाम करत पुढे न्यायची. लाटा बाहेरच्या अंगावर आपटतात, आतल्या बाजूचं पाणी शांत. बऱ्याच ठिकाणी त्याला जहाजंही लागतात. फ्रेंच 'मोल', इटालियन 'मोलो', आणि मुळाशी लॅटिन 'मोलेस' : प्रचंड वस्तुमान, अवजड रास. एकदा त्यावर उभं राहून पाहिलं की नाव पटतं. पायाखाली नुसतं वजन जाणवतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक काढले, ते सगळे छोट्या होड्यांतून वाळूवरून गेले असं लोकांना वाटतं. त्यातले सुमारे २ लाख ३९ हजार बंदरातून गेले, मुख्यतः पूर्वेच्या मोलवरून. तो जहाजं लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. वरून जेमतेम चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट, बाजूला भरती-ओहोटीचं पाणी. पर्याय नव्हता म्हणून जहाज लावून पाहिलं आणि जमलं.

अवांतर झालं, माफी. पण 'मोल'चा अनुवाद तिथे 'तीळ' कुणी केला असेल तर मला कळवा.

अणुरेणू

खारा_वारा, तुमच्या त्या दगडी भिंतीचा आणि माझ्या फळ्यावरच्या एककाचा आजा एकच आहे. या धाग्यातलं हे सगळ्यात न दिसणारं नातं, म्हणून मी घाईने लिहितेय.

लॅटिन 'मोलेस' म्हणजे मोठी रास. तिला लघुत्वदर्शक शेपूट लावली आणि 'मोलेक्युला' तयार झाला : इवलीशी रास. सतराव्या शतकात हा शब्द घडवला गेला, फ्रेंचमधून तो इंग्रजीत 'मॉलिक्यूल' झाला, आपण त्याला रेणू म्हणतो. जर्मनमध्ये 'मोलेक्यूल'. मग १८९०च्या दशकात विल्हेल्म ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने त्याचंच आखूड रूप केलं, 'मोल'. पदार्थाचं रेणुभार जेवढं, तेवढे ग्रॅम म्हणजे एक मोल. म्हणजे मोठी रास, तिची चिमुकली रास, आणि शेपूट कापल्यावर पुन्हा मोठी रास! शब्द फिरून जवळजवळ मूळ जागी आला.

वर्गात मी एक ग्लास आणि मोजपात्र घेऊन जाते. १८ मिलिलिटर पाणी ओतते. एक घोटभर. वजन १८ ग्रॅम. "हा एक मोल," म्हणते. त्या घोटात किती रेणू? ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात. पूर्वी ही संख्या मोजून काढलेली होती, १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितकी. २० मे २०१९ पासून ती ठरवूनच टाकली आहे, आता तिच्यात चूक असू शकत नाही. मोलला मूळ एककांच्या यादीत जागा मिळाली १९७१ मध्ये, म्हणजे मीटर आणि किलोग्रॅमच्या मानाने तो अगदीच धाकटा.

यातली खरी गंमत पुढे. रेणूच्या नावावरून एकक काढणारा ओस्टवाल्ड स्वतः अणू-रेणू खरे असतात हे मानायला तयार नव्हता! त्याच्या लेखी ती हिशेबाची सोय होती. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेराँ वगैरेंचे प्रयोग पाहिल्यावर १९०९च्या सुमारास त्याने हार मान्य केली. त्याच वर्षी त्याला नोबेलही मिळालं, ते अर्थात दुसऱ्या कामासाठी. आणि त्याच वर्षी पेराँने या संख्येला अव्होगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव सुचवलं.

मूळशोधक

अणुरेणू, वा! हे माझ्या यादीत अर्धंच होतं. ओस्टवाल्डचं तर ठाऊकच नव्हतं.

अणुरेणू

एक राहिलं. अव्होगाद्रो ट्युरिनचा. १७७६ मध्ये तिथे जन्मला, १८५६ मध्ये तिथेच वारला. आज त्या शहराची ओळख म्हणजे एक उंच, टोकदार घुमटाची इमारत, 'मोले अंतोनेल्याना'. १८६३ मध्ये बांधायला घेतली, १८८९ मध्ये संपली, उंची १६७.५ मीटर. इटलीच्या २ सेंटच्या युरो नाण्यावर तीच आहे. तिच्या नावातला 'मोले' म्हणजे तीच लॅटिन 'मोलेस', अवाढव्य वास्तू. इटालियनमध्ये रसायनशास्त्रातलं एककही 'मोले', अक्षरांत काडीचा फरक नाही. अव्होगाद्रोच्या गावात त्याच्या संख्येचा शब्द एवढा मोठा होऊन उभा आहे आणि दोघांचाही एकमेकांशी योजून जोडलेला काही संबंध नाही.

खारा_वारा

ट्युरिनला समुद्र नाही, नाहीतर तिसराही मोल तिथे बांधला असता.

वैद्यबुवा

गर्भाच्या विकृतीबद्दल लिहितो. जपून, कारण वाचणाऱ्यांत कुणाला हा अनुभव असू शकतो.

'हायडॅटिडिफॉर्म मोल', मराठीत द्राक्षगर्भ. गर्भ नीट घडत नाही आणि वारेच्या जागी पाण्याने भरलेल्या बारीक फुग्यांचे घोस वाढतात. मराठी नाव दिसण्यावरून पडलं आहे आणि माझ्या मते लॅटिनपेक्षा बरं आहे, ऐकणाऱ्याला निदान काहीतरी कळतं. लॅटिन नाव 'मोला'वरून, म्हणजे जातं, जात्याची तळी. जुन्या वैद्यांना गर्भाशयातला तो आकारहीन गोळा जात्याच्या दगडासारखा वाटला. ग्रीक वैद्यही त्याला जात्याच्याच नावाने ओळखत. पेशंटशी बोलताना मी 'मोल' शब्द शक्यतो टाळतो. एकदा एका बाईंनी विचारलं होतं, "पोटात तीळ असतो का हो?" त्यांचा दोष नव्हता, माझा होता.

जात्याचा हा 'मोला' दाढेतही आहे. 'मोलर' म्हणजे दळणारा दात.

आडवातिडवा

आता सापडलात! जातं म्हणजे अवजड दगड. बंदराची भिंत म्हणजे अवजड दगड. 'मोला' आणि 'मोलेस' एकच. भिंत, एकक, गर्भ, दाढ सगळे एका घरचे. पाच बिऱ्हाडांची चार झाली.

जुनी_पोथी

नाही झाली. 'मोलेस'मधला 'ओ' दीर्घ, 'मोला'मधला ऱ्हस्व. लॅटिन कान तो फरक चुकवत नसे, आपण 'दिन' आणि 'दीन' एक मानत नाही तसंच. 'मोला' हा दळण्याच्या धातूवरून आला आहे, इंग्रजी 'मिल'सुद्धा त्याच घरचा. 'मोलेस'चा दळण्याशी संबंध नाही. देवनागरीत लिहिताना आपण दोन्हीकडे एकच 'मो' काढतो म्हणून ते जुळे दिसतात, एवढंच.

जात्याचा गोतावळा मात्र मोठा आहे. रोममध्ये बळीच्या जनावरावर खारवलेलं भरड पीठ शिंपडत, त्या पिठालाही 'मोला' म्हणत. त्या शिंपडण्यावरून 'इमोलेट', बळी देणं. 'इमॉल्युमेंट' म्हणजे कामाचा मोबदला, तो मुळात दळणाऱ्याला मिळणारी दळणावळ असावा असं मानतात. भिंतीच्या घरचा एक द्वाडही सांगून टाकते : 'डिमॉलिश'. रास रचण्याच्या क्रियापदाला उलटा उपसर्ग.

आडवातिडवा

ऱ्हस्व-दीर्घावर केस हरलो. शाळेतही हरायचो.

मूळशोधक

आडवातिडवा, तुमच्या दोन्ही चुका मीही केल्या होत्या म्हणून सांगतो. दोन्ही वेळा आपण अर्थाचं साम्य पाहिलं. उंचवटा-उंचवटा, दगड-दगड. अर्थ हा साक्षीदार म्हणून फार लबाड आहे, विचाराल ते कबूल करतो. कुठल्याही दोन वस्तूंत साम्य काढून दाखवता येतं. ध्वनी तसे नसतात. 'आ'चा 'ओ' झाला तर तो स्टोन-होम-बोट सगळ्यांत झालेला दिसायला हवा, नाहीतर दावा फेटाळा. शेजारच्या भाषेत भावंड कसं दिसतं, जुन्या कागदावर स्पेलिंग काय, पहिल्यांदा कधी दिसला, हे आधी. अर्थ सगळ्यात शेवटी.

पानगळ

मेक्सिकोचा राहिला. अॅझ्टेक लोकांची नावाट्ल भाषा, तिच्यात 'मोल्ली' म्हणजे सॉस. स्पॅनिशमधून इंग्रजीत आला. 'ग्वाकामोले'मधलं 'मोले' तेच, आधीचा भाग अवोकाडोचा. बऱ्याच स्पॅनिश बोलणाऱ्यांना वाटतं की हा 'मोलेर' म्हणजे दळणं यावरून आला, मसाला वाटतात म्हणून. योगायोग. इंग्रजीत काही जण शेवटच्या अक्षरावर टिंबासारखी तिरकी खूण देतात, उच्चार कळावा म्हणून. स्पॅनिशमध्ये ती खूण देत नाहीत.

रोखठोक

सगळं ठीक. पण एका इंग्रजी शब्दावर एवढी चर्चा? मराठी शब्दांचं कुणी बघायचं?

जुनी_पोथी

बघूया की. 'काम करतो' मधलं काम संस्कृत 'कर्म'पासून, प्राकृत 'कम्म' होऊन आलेलं. 'काम-क्रोध' मधला काम थेट संस्कृत 'काम', इच्छा. झाडाचं पान 'पर्ण'पासून. मद्यपानातलं पान पिण्याचं. वाताचा त्रास होतो तो वात म्हणजे वारा, आणि समईतली वात 'वर्ति'पासून. 'टेबलावर' मधला वर 'उपरि'चा, लग्नातला वर निराळा. सगळी 'मोल'सारखीच प्रकरणं आहेत. वेगवेगळ्या वाटांनी चालत आलेले शब्द झिजत झिजत एका रूपाला पोचले.

पण पुस्तकाचं पान आणि झाडाचं पान, हे मात्र एकच पान. तिथे अर्थ ताणला गेला आहे. आपला 'तीळ'ही तसाच : दाण्याचं नाव अंगावरच्या ठिपक्याला दिलं. इंग्रजी तिळाने प्राण्याकडून नाव घेतलं नव्हतं, मराठी तिळाने दाण्याकडून घेतलं. आडवातिडवांची पद्धत इथे लागू पडली असती.

आडवातिडवा

शेवटी न्याय!

रोखठोक

'वात'चं कधी लक्षातच आलं नव्हतं. मान्य.

निद्रानाश

आणि आपला 'मोल', किंमत? आणि मोल्सवर्थ?

मूळशोधक

आपला 'मोल' संस्कृत 'मूल्य'चा, वरच्या पाचांपैकी कुणाचाच नाही. मोल्सवर्थची मजा अशी की १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश देणाऱ्या माणसाच्या नावात 'मोल' आणि 'वर्थ', मराठीत किंमत आणि इंग्रजीतही किंमत. पण ते आडनाव इंग्लंडमधल्या एका गावाचं. तिथला 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, किमतीच्या 'वर्थ'शी त्याचं नातं नाही. त्यांच्या आडनावावरही डोक्यावर आकडे घालावे लागतील.

रंगपट

'हॅम्लेट'चं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. पहिल्या अंकातल्या चौथ्या प्रवेशात हॅम्लेट माणसाच्या स्वभावातल्या एखाद्या जन्मजात डागाबद्दल बोलतो, तिथे 'मोल' म्हणजे तीळ, खोट. लगेच पाचव्या प्रवेशात बापाचं भूत रंगमंचाच्या खालून "शपथ घ्या" म्हणून ओरडतं, जागा बदलत राहतं, आणि हॅम्लेट त्याला म्हणतो, म्हाताऱ्या मोला, किती झपाट्याने जमीन पोखरतोस! इथे प्राणी. दोन प्रवेशांत दोन मोल. शेक्सपिअरने मुद्दाम केलं की हाताला लागलं म्हणून वापरलं, मला दर वाचनात वेगळं वाटतं. हाच म्हातारा मोल पुढे १८५२ मध्ये मार्क्सने क्रांतीसाठी उसना घेतला : वर सगळं शांत, खाली पोखरणं चालू.

मराठी भाषांतरात हे दोन मोल एकमेकांना ओळखही देत नाहीत. उपाय मला तरी सापडलेला नाही.

मूळशोधक

रंगपट, या पोखरण्यातूनच हेर निघाला. म्हणजे सातातला हा एकच अर्थ ओढून आणलेला, स्वतंत्र बिऱ्हाड नव्हे. प्राण्याच्याच घरातली माडी.

फ्रान्सिस बेकनने १६२२ मध्ये सातव्या हेन्रीवर लिहिताना राजाला आतून पोखरणाऱ्या 'मोलां'चा उल्लेख केला आहे. हेराच्या अर्थाचा पहिला दाखला म्हणून तो नेहमी दिला जातो, पण तिथले मोल म्हणजे राजाविरुद्ध कट करणारे, आणि हेर नेमले आहेत ते राजाने, त्यांचा माग काढायला. म्हणजे भूमिका उलट्या. आजच्या अर्थाने तो घराघरात पोचवला जॉन ल कारेच्या १९७४च्या कादंबरीने. ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात होता आणि हा केजीबीच्या बोलण्यातला शब्द आहे असं त्याने सांगितलं होतं.

आता माझा खरा प्रश्न. मराठीत काय लिहू? 'हेर' पुरत नाही. हेर बाहेरून येऊन बघून जातो. हा वर्षानुवर्षं आतलाच होऊन राहतो, बढत्या घेतो, सहकाऱ्यांच्या मुलांच्या लग्नात जेवतो.

निद्रानाश

अस्तनीतला निखारा.

पानगळ

निखारा चटका देतो, लगेच कळतो. हा कळत नाही हेच तर त्याचं काम. 'फितूर' कसा वाटतो?

जुनी_पोथी

फितूर आधी आपला असतो, मग फुटतो. मोल कित्येकदा पहिल्या दिवसापासून त्यांचाच असतो. 'घरभेदी' लिहा. घरातला आहे, आणि भेद म्हणजे फोडणं, भोक पाडणं, तेही आलं. पोखरण्याच्या जवळ यापेक्षा जाता येणार नाही.

खारा_वारा

घरभेदीला +१. लंका आठवते ती वेगळीच.

मूळशोधक

घरभेदी! ठरलं. अनुवादकांना फोन करून सांगितलं, तेही खूश. पुस्तकभर 'तीळ' पसरलेला असल्यामुळे, वेळ वाचावा म्हणून संगणकावर एका फटक्यात सगळीकडे बदल करून घेतो म्हणाले.

मूळशोधक

सुधारित प्रत आत्ताच आली. पान ३७ चोख झालं आहे : "खात्यात एक घरभेदी आहे."

पान ११२ : "ती हसली की तिच्या हनुवटीवरचा घरभेदी किंचित हलायचा."